जुन्या बार्ज यार्डाच्या जागेवर नवी वस्ती करायची तर सुरुवात कुठून करायची?

गोव्यात नदीकाठची जमीन बघायला जायचं असेल तर भरतीची वेळ बघून जा, आणि एकदा नाही, दोनदा जा. एकदा मे महिन्यात ओहोटीला आणि एकदा पावसात पुनवेच्या भरतीला, त्यात आदल्या रात्री नदीच्या वरच्या अंगाला, सत्तरी-डिचोलीकडे, धो धो पडलेला असेल तर फारच उत्तम. मे महिन्यात जिथे तुम्ही चिखलात उतरून खुबे, म्हणजे शिंपल्या, वेचणारी बाई बघितली असेल तिथे पाणी जेटीच्या कडेला टेकलेलं असतं आणि मागच्या गटारातून उलटं वर येत असतं. जागा तीच, पण ओळखू येत नाही.

हे लिहायला बसलो कारण मामेभावाने परवा फोनवर एक चित्र पाठवलं, नदी, काठावर काचेच्या इमारती, गच्चीवर झाडं, सायकलवरून जाणारी माणसं आणि खाली सस्टेनेबल वॉटरफ्रंट असं काहीतरी, आणि विचारलं की दादा, आपल्याकडे एवढे बार्ज यार्ड बंद पडलेत, तिथे असं होऊ शकतं का, आणि हे सस्टेनेबल म्हणजे नक्की काय असतं? त्याला म्हटलं, होऊ शकतं, पण चित्रात जे दिसतंय ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. अवघड असतं ते सगळं जमिनीखाली, पाण्याखाली आणि कागदात असतं. तेच इथे जरा नीट सांगतो.

आधी आपली जागा. मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठाने लोडिंग जेट्या, बार्ज म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटी बांधायचे आणि दुरुस्त करायचे यार्ड, त्या पाण्यातून वर ओढायचे उतार म्हणजे स्लिपवे, हे सगळं उभं राहिलं ते लोहखनिजासाठी. खाणीवरून ट्रक, ट्रकमधून जेटी, जेटीवरून बार्ज आणि बार्ज थेट मुरगाव बंदरात नाहीतर बाहेर उभ्या असलेल्या बोटीला. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी, आग्वादला, वाळूचा उथळ दांडा धोक्याचा म्हणून मांडवीतले बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचे, आमच्या लहानपणी ती रांग मोजायचा खेळ असायचा. मग २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली, मध्ये थोडं सुरू झालं आणि २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण कोर्टाने रद्द केल्यावर मार्चपासून परत बंद. आता लिलाव होऊन काही ब्लॉक सुरू होतायत, तरी काठावरचा प्रत्येक यार्ड पूर्वीसारखा भरेल असं मला वाटत नाही. कितीतरी बार्ज भंगारात कापले गेले. माझा मामा अशाच एका यार्डात वेल्डर होता, ज्या बार्जला त्याने प्लेट मारली तोच बार्ज त्याने नंतर गॅस कटरने कापला.

आता जमिनीच्या पोटात काय आहे ते बघू. बार्ज दुरुस्तीला वर ओढला की पहिलं काम असतं खालचा जुना रंग आणि शिंपले खरवडायचं. बोटीच्या बुडाला लावायचा रंग मुद्दाम विषारी असतो, कारण त्यावर शिंपले-शेवाळ चिकटू नये. कित्येक वर्षं जगभर या रंगात ट्रायब्युटिल टिन नावाचं रसायन असायचं. ते पाण्यात एवढं थोडं असलं तरी समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराचे अवयव वाढायला लागले, फ्रान्समध्ये कालवांची कवचं वेडीवाकडी झाली, तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून जहाजांवर त्यावर बंदी आली. पण बंदी रंगावर आली, आधी खरवडून चिखलात पडलेल्या रंगावर येत नाही ना. शिवाय तांबं, शिसं, डिझेल, ग्रीस, वेल्डिंगचा कचरा. म्हणजे वरून गवत उगवलेलं, गुरं चरतायत, छान हिरवं दिसतंय, आणि खाली हे. आणि तिसऱ्यो, खुबे, शिनाण्यो या सगळ्या शिंपल्या पाणी गाळूनच जगतात, गाळलेलं त्यांच्या अंगात राहतं आणि तिथून आपल्या ताटात येतं, म्हणून हा विषय फक्त नव्या फ्लॅटवाल्यांचा नाही.

म्हणून पहिला खर्च माती तपासण्याचा. पूर्ण जागेवर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत वेगवेगळ्या खोलीवरून नमुने घ्यायचे, स्लिपवेच्या पायथ्याशी आणि डिझेल टाकीजवळ जास्त दाट घ्यायचे, नदीच्या तळाचा गाळही तपासायचा. यातून एक नकाशा बनतो, कुठे खराब, कुठे ठीक. मग उपाय वेगवेगळे. फार खराब माती खणून काढायची, पण मग ती कुठे नेणार हे आधी लेखी ठरलं पाहिजे, नाहीतर आपली घाण दुसऱ्या गावच्या डोंगरावर. मध्यम खराब असेल तर जागेवरच झाकायची, म्हणजे पाणी न झिरपणारा थर आणि वर चांगली माती. तेलाची घाण असेल तर जिवाणू ती खातात, त्यांना हवा आणि खाद्य द्यावं लागतं आणि थांबावं लागतं. अमेरिकेत सिअ‍ॅटलला कोळशापासून गॅस बनवायच्या जुन्या कारखान्यात हेच केलं, तिथे १९७५ मध्ये बाग उघडली, जुन्या गंजलेल्या टाक्या तशाच ठेवून, आणि जमिनीतल्या घाणीवर काम त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिलं. एकदा साफ केलं की झालं असं नसतं.

या नकाशाचा खरा उपयोग म्हणजे कुठे काय बांधायचं ते त्यावरून ठरतं. सगळ्यात खराब कोपऱ्यात शाळेचं मैदान नको, तिथे झाकलेल्या थरावर पार्किंग किंवा शेड चालेल. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं, आधी लेआउट, मग प्लॉट विकले जातात, आणि माती कोणी बघितली तर पायलिंगवाला बघतो, ती पण फक्त वजन पेलेल का एवढंच बघायला.

दुसरी गोष्ट पाणी, आणि यावर मी जास्त बोलणार आहे कारण गोव्यात सगळं इथेच अडतं. आपल्या नद्या उतार कमी असलेल्या, भरती मांडवीत चाळीस किलोमीटरहून आतपर्यंत जाणवते. पुनवेला-अवसेला पाणी ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण दोन मीटर चढतं. त्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आता हिशेब करा. १० हेक्टरची जागा आहे आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, जुलैत असे दिवस येतातच, तर त्या जागेवर १ कोटी लिटर पाणी पडलं. सगळीकडे पेव्हर आणि स्लॅब टाकलात तर ते जवळजवळ सगळं गटारात येणार. आणि त्याच वेळी भरती असेल तर गटाराचं तोंड नदीच्या पाण्याखाली आहे. पाणी जाणार कुठे? पणजीत दर पावसात हेच बघतो आपण.

यात पुढची भर समुद्राची. १९०१ ते २०१८ मध्ये जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. या शतकाच्या अखेरीपर्यंत, धूर एकदम कमी केला तरी साधारण २८ ते ५५ सेंटिमीटर आणि नाही केला तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर अशी वाढ शास्त्रज्ञ धरतात. आज बांधलेली इमारत ऐंशी वर्षं उभी राहावी असं वाटत असेल तर हा आकडा तिच्या जोत्याच्या उंचीत यायलाच हवा.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे भराव. डोंगर कापायचा, तांबडी माती आणायची, जागा दोन मीटर वर उचलायची. १० हेक्टर दोन मीटर उचलायला २ लाख घनमीटर माती लागते, एका ट्रकात १० घनमीटर धरली तर २०,००० फेऱ्या. कुठल्या डोंगराच्या? तो डोंगर गेला की त्याच्या पायथ्याची झरी आटणार. आणि आपण वर उचललं की आधी आपल्या जागेत पसरणारं पुराचं पाणी शेजाऱ्याच्या बागायतीत आणि शेतात जाणार. याला मी सस्टेनेबल म्हणायला तयार नाही, गच्चीवर कितीही झाडं लावा.

जर्मनीत हॅम्बुर्गला बघा काय केलं. शहराच्या जुन्या बंदरात हाफेनसिटी नावाचा १५७ हेक्टरचा भाग वसवला, आराखडा २००० सालचा. ही जागा शहराच्या मुख्य पूरबंधाऱ्याच्या बाहेर पडते, आणि त्या शहराने १९६२ च्या वादळी भरतीत ३१५ माणसं गमावलेली आहेत, म्हणजे पाण्याला गृहीत धरण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी चारी बाजूंनी भिंत नाही घातली. इमारती आणि मुख्य रस्ते समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटरवर घेतले, खालच्या मजल्यावर पार्किंग आणि पुराच्या वेळी बंद होणारी जाड दारं, आणि धक्क्याकडेचे फिरायचे रस्ते मात्र मुद्दाम खाली ठेवले. वादळात तिथे पाणी येतं, येऊ देतात, दुसऱ्या दिवशी धुऊन परत लोक बसतात. पाणी कुठे येणार हे आधी ठरवायचं आणि तिथे बिघडेल असं काही ठेवायचं नाही, एवढी ती साधी कल्पना.

पण मला सारखं वाटतं की यासाठी हॅम्बुर्गला तरी का जायला हवं. आपल्याकडे खाजन आहे. साधारण १८,००० हेक्टर जमीन गोव्यातल्या लोकांनी कित्येक शतकांपूर्वी खाऱ्या नदीकडून सोडवून घेतली, चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचे बांध घालून. बांधाला मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून ढकलतं आणि झडप आपोआप मिटते, ओहोटीला नदी खाली गेली की आतल्या पाण्याच्या दाबाने तीच झडप उघडते. वीज नाही, पंप नाही. आणि मानशीच्या आत पोंय, म्हणजे खोलगट तळं, झडप मिटलेली असते त्या पाच-सहा तासांत पडणारा पाऊस साठवायला. त्यात मासे, वर कोरगुट भात, आणि हे सगळं सांभाळायला गावकरी. आता वरचा १ कोटी लिटरचा हिशेब परत आठवा. नव्या वस्तीला नेमकं हेच हवंय, भरतीला मिटणारं दार आणि दार मिटलेलं असताना पाणी थांबायला जागा. १० हेक्टरमधला एक हेक्टर सखल ठेवून एक मीटर खोल तळं केलं तर त्यात तेवढंच, १ कोटी लिटर मावतं. जानेवारीत तिथे पोरं क्रिकेट खेळतील, जुलैत ते भरेल. मानस लाकडाची असो की फायबरची, तत्त्व तेच. फक्त तिला माणूस लागतो. बांधाला खेकड्याने भोक पाडलं तर ते त्याच दिवशी बुजवणारा, झडपेत अडकलेली फांदी काढणारा. खाजनं बुडाली ती बहुतेक माणूस न राहिल्यामुळे बुडाली, म्हणून नव्या वस्तीच्या मेंटेनन्समध्ये लिफ्टच्या आधी मानशीचा पगार लिहिलेला असावा असं माझं मत आहे.

खारफुटीबद्दल थोडं. यार्ड बंद पडून दहा-बारा वर्षं झाली की चिखलात खारफुटी आपोआप उभी राहते, आणि मग जागेचे मालक तिच्याकडे अडचण म्हणून बघतात. ती लाटांचा जोर मोडते, गाळ धरते, आणि तिच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात. कायदाही तिच्या बाजूने आहे. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेप्रमाणे खारफुटी १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो, आणि भरतीच्या नदीला काठापासून ५० मीटर किंवा नदीची रुंदी यातलं जे कमी ते अंतर सीआरझेडमध्ये येतं. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळं कलम होतं, खाजन जमिनीत बांधकामाला परवानगी नाही असं स्पष्ट लिहिलेलं. बांधकामाला जागा मोजताना हे सगळं आधी वजा करायचं, नंतर सूट मागायची नाही.

आता काठ कोणाचा हा प्रश्न. इथे मराठी माणसाला मुंबईच्या गिरण्या सांगाव्या लागत नाहीत, पण एक तपशील परत बघण्यासारखा आहे. १९९१ च्या नियमात होतं की गिरणीची जमीन विकसित करताना तिचे तीन वाटे पडतील, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. सगळ्या गिरण्या मिळून सुमारे ६०० एकर, म्हणजे केवढी संधी होती विचार करा. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं, ज्यावर गिरणीची इमारत उभी होती ती जमीन वाटणीतून गेली. गिरणीत बहुतेक जागेवर इमारतच असते, म्हणून बाग आणि घरांचा वाटा एकदम आकसला, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. एका शब्दाच्या अर्थाने लालबाग-परळचं सगळं भविष्य फिरलं. म्हणून आपल्या यार्डाच्या बाबतीत कोणी म्हणालं की अमुक टक्के मोकळी जागा ठेवू, तर विचारायचं, कशाचे टक्के? पूर्ण सर्व्हे नंबरचे, की सीआरझेड वजा जाता उरलेल्याचे, की ज्यावर तसंही बांधता येत नव्हतं त्या चिखलाचे?

हॅम्बुर्गची दुसरी चांगली गोष्ट इथे कामाची आहे. जमीन शहराच्या मालकीच्या कंपनीकडे ठेवली, आणि प्लॉट देताना फक्त जास्त पैसे देणाऱ्याला दिला नाही, काय बांधणार, कोणासाठी बांधणार, खालच्या मजल्यावर काय असणार याला किमतीपेक्षा जास्त वजन दिलं. निवडलेल्या बिल्डरला आधी ठराविक मुदत मिळते, त्यात प्लॅन, परवानग्या करून दाखवायच्या, मगच जमीन नावावर, नाही जमलं तर जमीन परत शहराकडे. म्हणजे घेऊन ठेवायची आणि भाव वाढला की विकायची याला वावच नाही. आपल्याकडे यार्डाच्या जागा खाजगी, कोमुनिदादच्या म्हणजे गावच्या सामाईक मालकीच्या, सरकारच्या लीजवरच्या, अशा मिसळलेल्या असतात, त्यामुळे कोणाची किती हे साफ झाल्याशिवाय वरचं काहीच लागू होत नाही हेही खरं.

वाहतूक, वीज आणि कचरा या तिन्हीवर पटकन बोलतो. स्टॉकहोमला हामारबी नावाच्या जुन्या कारखान्यांच्या काठावर वस्ती झाली, ती मुळात २००४ च्या ऑलिम्पिकसाठी मांडलेली होती, ऑलिम्पिक अथेन्सला गेलं तरी वस्ती त्यांनी केलीच. ध्येय होतं की त्या काळच्या नेहमीच्या बांधकामाच्या निम्माच भार निसर्गावर पडावा. तिथे ट्राम लवकर आली आणि पलीकडे जायला फुकट फेरी ठेवली, त्यामुळे राहायला येणाऱ्या माणसाने पहिल्या दिवसापासून गाडीशिवाय सवय लावली. आपल्या साध्या फेरीबोटीत तर वर्षानुवर्षं चालत चढणाऱ्याला तिकीट नव्हतंच! फेरीधक्का असलेल्या यार्डात प्रत्येक फ्लॅटला दोन गाड्यांचं पार्किंग कशाला हवं, फेरी दर पंधरा मिनिटांनी आणि पलीकडे उभी असलेली कदंबाची सरकारी बस, एवढं आधी करा.

हामारबीत सांडपाण्यातून गॅस काढतात आणि उष्णता काढून घरं गरम करतात. ही दुसरी गोष्ट इथे आणून उपयोग नाही, आपल्याला गारवा हवा. पण पहिली इथे तिथल्यापेक्षा सोपी आहे, कारण गॅस बनवणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब लागते, ती तिथे तयार करावी लागते आणि इथे बरीचशी फुकट मिळते. साळगावच्या प्रकल्पात २०१६ पासून ओल्या कचऱ्यातून गॅस आणि त्यातून वीज होतेच आहे. गारव्यासाठी आपली जुनी घरं बघावीत, उतरतं छप्पर, पुढे आलेले पाखे, मध्ये राजांगण म्हणजे उघडं अंगण, नैर्ऋत्येचा वारा आरपार जाईल अशी दारं. काठावर काचेची भिंत उभी करून मागच्या वाड्याचा वारा अडवला तर तिथल्या प्रत्येक घरात एसी बसणार, आणि त्याचा हिशेब नव्या इमारतीच्या हिरव्या सर्टिफिकेटमध्ये कुठेच येत नाही.

राहिलं काम आणि आठवण. स्वीडनमधल्या माल्मोत कॉकुम्स नावाचं मोठं जहाजबांधणीचं यार्ड होतं, त्याची साधारण १४० मीटर उंच क्रेन शहराच्या कुठूनही दिसायची. यार्ड बंद पडलं, तिथे २००१ मध्ये नवी वस्ती झाली, पावसाचं पाणी पाइपात न घालता उघड्या पन्हळींतून खेळवलेली, खूप सुंदर. आणि ती क्रेन एका डॉलरला दक्षिण कोरियाच्या कंपनीला गेली. क्रेन गेली तेव्हा माणसं रडली असं सांगतात आणि मला ते पूर्ण पटतं. आपल्याकडे क्रेन नसतील एवढ्या मोठ्या, पण स्लिपवे आहेत, शेड आहेत, लोखंड वाकवणारे हात आहेत. स्लिपवे म्हणजे तयार उतार, होड्या वर घ्यायला याहून चांगली जागा पागी म्हणजे मच्छीमार लोकांना कुठे मिळणार. फेरीबोटी, फिशिंग ट्रॉलर दुरुस्तीला लागतातच, रंग खरवडायची जागा बंदिस्त केली आणि खाली पडलेलं गोळा केलं तर वस्तीच्या एका टोकाला छोटं वर्कशॉप राहू शकतं.

आणि हे सगळं पाच वर्षांत होत नाही. हाफेनसिटीला पंचवीस वर्षं उलटून गेली तरी बांधकाम चालूच आहे. माती साफ होईपर्यंत, बांध आणि मानस बसेपर्यंत, खारफुटी मोजून होईपर्यंत जागा कुलूप लावून ठेवायची गरज नाही, जो भाग तपासून ठीक निघाला तो आधी उघडायचा, तिथे बाजार भरू दे, पोरांना पोहायला शिकवू दे, होड्या लागू देत. मामाला हे सांगितलं तेव्हा तो कागद-पेन्सिल घेऊन बसला. त्याच्या मते मोठी शेड अजून दहा पावसाळे आरामात काढील, खांबांना काही झालेलं नाही, फक्त नदीकडच्या बाजूचे पत्रे बदलायला हवेत आणि ते काम पावसाच्या आधी, एप्रिलात करायला हवं.